चारोळी की चिरौंजी? अरण्यातील माल आणि बाजारातील शब्द यांचा इतिहास

आजचा धागा दीर्घ आहे. विषय ऐकून काहींना वाटेल की यात इतिहास कोठला? ऑनलाइन दुकान थाटणाऱ्या प्रत्येकापुढे आज एक प्रश्न असतो : आपला माल कोणत्या शब्दाने लिहावा, म्हणजे गिऱ्हाईक शोधपेटीत जो शब्द टंकील त्याला तो सापडेल? या शब्दाला व्यवहारात ‘कीवर्ड’ म्हणतात. परंतु प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. ज्या दिवशी माल पिकवणारा आणि माल विकत घेणारा एकाच गावचे राहिले नाहीत, त्या दिवशीच तो जन्मला.

हा प्रश्न समजून घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांइतके चांगले ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नाही. येथे मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू आणि बंगाली या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथला बहुतेक माल अरण्यातून येतो आणि दूर जातो. साहजिकच एकाच वस्तूला चार-पाच नावे असतात, आणि त्यांतील कोणते नाव बाजारात चालले यावर कोणाच्या हाती किती पैसा पडला हे पुष्कळदा ठरलेले आहे.

साध्या उदाहरणापासून आरंभ करू. श्रीखंडावर घालतात ती चारोळी. झाडाचे मराठी नाव ‘चार’, त्याच्या बीचा गर ती चारोळी. हिंदी गिऱ्हाईक हिलाच ‘चिरौंजी’ म्हणते. तेलुगू गृहिणी ‘सारपप्पू’ म्हणते. इंग्रज व्यापाऱ्यांनी तिला ‘कडप्पा बदाम’ असे भलतेच नाव दिले. शास्त्रीय नावात तर झाडाचा पत्ताच नाही. ‘बुकॅनानिया’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याच्या स्मरणार्थ आहे. कुरखेड्याच्या एखाद्या बचत गटाने पाकिटावर केवळ ‘चारोळी’ असे छापले, तर पुण्याचे गिऱ्हाईक त्यांना सापडेल. रायपूरचे किंवा हैदराबादचे सापडेलच असे नाही. माल तोच, चव तीच. सापडणे मात्र शब्दावर अवलंबून.

आता मोठ्या मालाकडे वळू. सागवान.

या लाकडाची जगातली दोन प्रमुख नावे दोन वेगळ्या किनाऱ्यांवरून निघाली. ‘साग’ हा संस्कृत ‘शाक’ या वृक्षनामाचा वंशज. अरब खलाशांनी पश्चिम किनाऱ्यावरून लाकूड नेले तेव्हा शब्दही नेला, आणि अरबीत तो ‘साज’ झाला. पोर्तुगीज मात्र मलबारात उतरले. तेथे झाडाला ‘तेक्कु’ म्हणत. त्याचे पोर्तुगीजांनी ‘तेका’ केले, इंग्रजांनी ‘टीक’ केले. धाकट्या लिनियसने १७८२ मध्ये शास्त्रीय नाव ठेवले तेही त्यावरूनच : ‘टेक्टोना ग्रँडिस’. म्हणजे आलापल्लीच्या रानात ज्या झाडाला कोणी कधी ‘तेक्कु’ म्हटले नाही, ते झाड लंडनच्या गोदीत केरळच्या नावाने ओळखले जाऊ लागले. खरेदीदार ज्या बंदरात प्रथम उतरतो, त्या बंदराची बोली मालाला चिकटते. हा नियम या धाग्यात पुन्हा पुन्हा भेटेल.

इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होता. त्यावरून येथल्या सागाला लाकूडबाजारात ‘सी.पी. टीक’ म्हणू लागले. १९५० मध्ये मध्य प्रांत हे नाव गेले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. परंतु वखारीत आजही सुतार ‘सीपी टीक आहे का?’ असे विचारतो. प्रांत मेला, शब्द जिवंत राहिला. कारण तो शब्द दर्जाची खूण झाला होता आणि दर्जाची खूण राजपत्रातील अधिसूचनेने पुसत नसते. आजचे ऑनलाइन लाकूडविक्रेतेही आपल्या मालाच्या वर्णनात हे नाव आवर्जून घालतात. गिऱ्हाईक तेच टंकते, हे त्यांना ठाऊक असते.

दुसरे नाव ‘बल्लारशा सागवान’. यातली गंमत अशी की गावाचे नाव बल्लारपूर आहे. रेल्वेने स्थानकाला मात्र बल्हारशाह हे नाव दिले. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाशी परंपरा या गावाचा संबंध जोडते. लाकूड स्थानकाच्या नावाने बाहेर पडे, म्हणून बाजारात स्थानकाचे नाव रूढ झाले.

आणि तिसरे नाव आपल्या डोळ्यांदेखत तयार झाले. २८ मे २०२३ रोजी संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. देशभरच्या वृत्तपत्रांनी यादी छापली : सरमथुऱ्याचा वालुकाश्म, मिर्झापूरचे गालिचे, आगरतळ्याचा बांबू आणि नागपूरचे सागवान. नागपूरचे! राज्याच्या वनखात्याचे म्हणणे असे की सागवान बल्लारपूर-आलापल्ली पट्ट्यातले. त्याच वर्षी २९ मार्चला बल्लारपुरातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत रवाना झाले होते, तेव्हा हा पट्टा अगदी अपरिचित होता असेही नाही. माझा तर्क असा की, लाकूड विकणाऱ्या वन विकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात. तेव्हा कागदावर पत्ता नागपूरचा, आणि वार्ताहराच्या हाती पडला तो कागद. दीडशे वर्षांपूर्वी हेच बंदरांच्या बाबतीत घडत असे.

ते कसे, हे हिरड्यावरून पाहू.

एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी युरोपला हिरड्याची प्रचंड भूक होती. तेथे त्याचे नाव ‘मायरोबॅलन’. ग्रीक भाषेत याचा अर्थ सुगंधी द्रव्याचे कवचफळ. हिरड्याला सुगंध कसला? एका जुन्या, दुसऱ्याच फळाचे नाव आपल्या हिरड्याला चिकटले. त्याच नावाचे एक आंबट आलूबुखार युरोपात आहेच. म्हणजे आज कोणी शोधपेटीत तो शब्द टंकला तर निम्मी उत्तरे त्या आलूबुखाराची येतात. आता प्रती पाहा. इंग्लंडच्या बाजारात हिंदी हिरड्याच्या पाच प्रती ठरल्या होत्या : भिमली, जबलपूर, राजापूर, वेंगुर्ला आणि मद्रास किनारा. भिमली म्हणजे आंध्र किनाऱ्यावरील भीमुनिपट्टणम. यांतील राजापूर, वेंगुर्ला ही नावे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. वेंगुर्ल्याला हिरड्याची राने पसरली होती असे नव्हे. तेथे गलबते लागत. घाटावरचा हिरडा उतरून बंदरात आला की तो ‘वेंगुर्ला’ झाला.

या पाच नावांत चांदा नाही. चांद्याच्या रानात हिरडा होता आणि आहे. परंतु ज्या जिल्ह्याला स्वतःचे बंदर नाही, त्याच्या मालाला स्वतःचे नाव मिळत नसे. तो दुसऱ्याच्या नावात विरघळून जाई. आजच्या ऑनलाइन बाजारात याच रोगाला नवे रूप आले आहे : मध गडचिरोलीचा, बाटलीवरचे नाव दुसऱ्याच शहरातील कंपनीचे.

या नावांच्या गोंधळाने इंग्रज सरकारही हैराण झाले होते. सरकारला जाणून घ्यायचे होते की हिंदुस्थानात विकण्याजोगे काय काय पिकते. १८८३-८४ मध्ये कलकत्त्यास आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. प्रांताप्रांतांतून नमुने आले आणि एकेका वस्तूवर दहा दहा नावांच्या चिठ्ठ्या. त्या प्रदर्शनाच्या सूचीतून जॉर्ज वॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने एक अवाढव्य कोश उभा केला : हिंदुस्थानातील आर्थिक उत्पादनांचा कोश. १८८९ ते १८९३ या काळात त्याचे सहा खंड निघाले. शास्त्रीय नावाखाली वस्तूची नोंद, आणि त्या नोंदीच्या आरंभीच हिंदी, बंगाली, मराठी, गोंडी, तेलुगू, तमिळ अशा नावांची रांग. मँचेस्टरचा व्यापारी असो की चांद्याचा वनाधिकारी, कोणत्याही नावाने शिरा, एकाच वस्तूपाशी पोहोचा.

वाचकहो, शोधयंत्र याहून वेगळे काय करते? वॉटच्या कोशाला मी त्या काळचे शोधयंत्र म्हणतो, पण एक फरक सांगितला पाहिजे. तो कोश केवळ खरेदीदाराच्या सोयीचा होता. गोंडी नाव त्यात होते, पण ते गोंड माणसाला आपला माल विकता यावा म्हणून नव्हते; साहेबाला त्या माणसाकडून माल मागवता यावा म्हणून होते. शब्दांची ही रांग एकाच दिशेने चालत असे.

तेंदूची कहाणी आता ऐका. माझ्या मते नाव आणि नफा यांचे नाते इतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

मराठीत हे झाड टेंभुर्णी. सोलापूर जिल्ह्यात त्या नावाचे गावच आहे. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याला नाव दिले ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ काळे लाकूड. का? कारण तेव्हाच्या खरेदीदाराला त्या झाडाचा काळा गाभा, आबनूस, हवा होता. पानांकडे कोणी पाहत नव्हते. पुढे विसाव्या शतकात विडीचा धंदा वाढला आणि त्याच झाडाचे पान हे सोने झाले. लाकूड मागे पडले. शास्त्रीय नाव मात्र आजही अठराव्या शतकातील गिऱ्हाइकाची आवड जपून आहे.

पानाच्या धंद्याने दुसरे नाव पुढे आणले : तेंदू. हे हिंदी. विडी कारखानदार आणि त्यांचे मुनीम हिंदीत व्यवहार करीत, म्हणून विदर्भाच्या रानातही ‘तेंदूपत्ता’ हाच शब्द पक्का झाला. ‘पान’ सुद्धा गेले, ‘पत्ता’ आला! महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये वनोपजांच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूचा व्यापार सरकारी मक्तेदारीत गेला. तेव्हाही शासकीय मराठीने टेंभुर्णीला पुन्हा जवळ केले नाही. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून पाने खुडायची, घरी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. फळी म्हणजे संकलन केंद्र. हा शब्द तेवढा स्थानिक राहिला. कारण फळी गावाची होती. पत्ता गिऱ्हाइकाचा.

पुढे पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) आला. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात, वर्तमानपत्रात निविदेची जाहिरात देतात. ती जाहिरात वाचून पाहा. घरात माडिया किंवा गोंडी बोलणारी माणसे जाहिरातीत ‘तेंदूपत्ता’ असेच लिहितात. यात लाचारी शोधू नये. ज्याला माल विकायचा आहे त्याने गिऱ्हाइकाचा शब्द ओळखून वापरला, इतकाच त्याचा अर्थ. फरक असा की शब्द निवडणारा हात आता ग्रामसभेचा आहे.

वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात कायदा लिहिणाऱ्यांनी एक सूक्ष्म काळजी घेतली आहे. तेथे नुसते ‘तेंदू’ नाही; ‘तेंदू किंवा केंदू’ पाने असे आहे. केंदू हा ओडिया भाषेतील शब्द. एकच पान, दोन नावे, आणि दोन्ही नोंदवलेली. का? केवळ ‘तेंदू’ लिहिले असते तर ओडिशातला एखादा चलाख अधिकारी म्हणाला असता, आमच्याकडे तेंदू नसतो, केंदू असतो. हसू नका. शब्दावर बोट ठेवून हक्क अडवता येतो, हे पुढे गडचिरोलीतच सिद्ध झाले.

त्याआधी कोशाबद्दल थोडे.

आरमोरी, कुरखेडा, नागभीड या भागांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर रेशमाची अळी वाढवतात. हे काम मुख्यतः ढीवर समाजाचे. अळी कोश विणते, म्हणून त्या रेशमाला येथे ‘कोसा’ म्हणतात. पाणिनीच्या काळापासून चालत आलेले ‘कौशेय’ याच कुळातले. बाजारातले दुसरे नाव ‘टसर’. त्याचा उगम संस्कृत ‘त्रसर’ किंवा ‘तसर’, म्हणजे विणकराचा धोटा, यात सांगतात. पाहा कसे झाले : कोश गोळा करणाऱ्याने मालाला कोशाचे नाव दिले, विणणाऱ्याने धोट्याचे. बाहेरचा व्यापारी विणकराकडून कापड घेई, म्हणून टसर हे नाव जगभर गेले. युरोपात त्याचे वर्णलेखन एकसारखे कधीच झाले नाही. टसर, टस्सर, टसोर, टसाह, जितके दुकानदार तितकी रूपे.

इंग्लंडमधील लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने या रानटी रेशमाला रंग चढवण्याची रीत बसवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले. मागणी वाढली. मग एक दुर्दैव घडले. चीनमध्ये ओकच्या पानांवर वाढणारी वेगळ्या जातीची अळी आहे. तिचे रेशीमही ‘टसाह’ नावानेच विकले जाऊ लागले, आणि ते विपुल होते. आज परदेशी संकेतस्थळावर हा शब्द टंकल्यास बव्हंशी चिनी रेशीम पुढे येते. नाव आपल्या धोट्याचे, गिऱ्हाईक दुसऱ्याचे. म्हणून विदर्भातील विणकरांनी ‘करवत काटी’ हे नाव भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदवून घेतले ते शहाणपणाचे झाले. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली ही साडी. हे नाव सहजासहजी दुसऱ्या कोणाला उचलता येणार नाही. अर्थात ते ठाऊक नसलेले गिऱ्हाईक ते टंकणारही नाही, ही अडचण उरतेच. अचूक नाव थोड्यांना माहीत असते, सैल नाव सर्वांना. दुकानदाराला दोन्ही लागतात.

आता बांबू. या धाग्याचा गाभा हाच आहे.

गडचिरोलीच्या अरण्यात जो बांबू सर्वत्र दिसतो तो मानवेल. त्याचे शास्त्रीय नाव ‘डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस’. डेंड्रॉन म्हणजे वृक्ष, कॅलॅमस म्हणजे वेत किंवा बोरू. म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाच ठरवता आले नव्हते की हे झाड आहे की गवत! वनस्पतिशास्त्राने पुढे निर्णय दिला : गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने कलम २ मध्ये ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताडमाडांबरोबर बांबूही घातला. एका शब्दाची ही भर. तिचा परिणाम असा झाला की बांबू इमारती लाकडाच्या रांगेत गेला, म्हणजे पर्यायाने वनखात्याच्या ताब्यात गेला.

हा वाद कागदी नव्हता. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. कागदाला लगदा हवा, लगद्याला बांबू हवा. दीर्घ मुदतीच्या करारांनी या जिल्ह्यांतला बांबू कारखान्याकडे जात राहिला. दुसरीकडे सूप, टोपली, ताटवा करून पोट भरणारा बुरूड होता. त्याला तोच बांबू खात्याच्या डेपोतून मोजून मिळे. आणि गावकऱ्याने अंगणातल्या कुडासाठी चार बांबू तोडले तर तो गुन्हेगार. एकाच वस्तूला कारखान्याच्या हिशेबात ‘कच्चा माल’, कायद्यात ‘वृक्ष’, बुरडाच्या हाती ‘काम’ आणि गावकऱ्याच्या घरी ‘कूड’ अशी चार नावे होती. चालले ते कायद्याचे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला दुसऱ्या यादीत घातले : गौण वनोपज. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मर्दा गावासोबत देशात हा हक्क प्रथम मिळवणाऱ्यांत त्याचे नाव आहे. ग्रामसभेने म्हटले, आता आम्ही आमचा बांबू विकू. विकायचा म्हणजे गाडीतून न्यायचा, आणि त्यासाठी वाहतूक परवाना लागतो. परवाना वनखात्याचा. खात्याने १९२७ च्या व्याख्येवर बोट ठेवले : बांबू वृक्ष आहे, त्याचे लाकूड इमारती लाकूड आहे, ते गौण वनोपज होऊ शकत नाही.

माल तयार आहे. मालक ठरला आहे. गिऱ्हाईक आहे. आणि वस्तू कोणत्या शब्दाखाली नोंदवायची यावर सारे अडले आहे!

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी हा प्रश्न चिकाटीने लावून धरला. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. मग ग्रामसभेने निविदा काढून बांबू विकला. १९२७ च्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडावा लागला. तेव्हा आधी अध्यादेश निघाला आणि मागाहून संसदेने दुरुस्ती मंजूर केली.

काहींना वाटेल की शोधशब्दाच्या विषयात हे प्रकरण ओढूनताणून आणले. मला तसे वाटत नाही. शोधयंत्रात वस्तू चुकीच्या वर्गात टाकली की ती गिऱ्हाइकाला दिसत नाही. येथे कायद्याने बांबू चुकीच्या वर्गात टाकला होता, आणि म्हणून तो गावाच्या मालकीचा दिसत नव्हता. दोन्हीकडे वर्ग ठरवणारा दुकानदाराहून प्रबळ असतो.

शब्दांच्या या इतिहासात १९९८ हे वर्षही टिपून ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत गोटू डॉट कॉम या संकेतस्थळाने शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. जो व्यापारी एका शब्दावर अधिक बोली लावील त्याचे दुकान वर. २००० मध्ये गूगलने ॲडवर्ड्स ही आपली जाहिरात-योजना आणली आणि पुढे तीही लिलावावरच उभी राहिली. शब्द सुचवण्याच्या युक्त्या मागल्या शतकातही होत्या, परंतु शब्द स्वतःच बोलीवर विकला जाण्याची ही रीत नवी. ‘हनी’ या शब्दावर मोठ्या कंपनीशी बोली लावणे भामरागडच्या बचत गटाला परवडणार नाही. म्हणून तज्ज्ञ सांगतात की लहान दुकानाने लांब आणि नेमका शब्दसमूह धरावा : ‘मध’ नको, ‘गडचिरोली जंगलातील आग्या मोहोळाचा मध’ घ्या. असे टंकणारी माणसे थोडी असतात, पण ती बहुधा विकत घेण्याच्याच विचाराने आलेली असतात.

मोहाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. झाडाचे जुने शास्त्रीय नाव ‘बॅसिया’, बोलोन्याच्या फेर्दिनांदो बास्सी या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. नंतरचे ‘मधुका’, संस्कृत मधूकावरून; येथे निदान शास्त्राने आपला शब्द परत केला. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांच्या परदेशी धंद्यात मोहाच्या बियांच्या घट्ट तेलाला ‘मोवरा बटर’ म्हणतात. खाद्यपदार्थांत उत्तर भारतीय गिऱ्हाईक ‘महुआ’ शोधते, मराठी गिऱ्हाईक ‘मोहफूल’ शोधते. मोहफुलांचे लाडू विकणाऱ्या गटाने ‘महुआ’ आणि ‘मोहफूल’ दोन्ही लिहावे. तेल विकणाऱ्याने ‘मोवरा’ विसरू नये. साबण बनविणारा परदेशी कारागीर ‘मोहफूल’ असे कधीच टंकणार नाही.

जाता जाता, इतिहासाच्या हौशी वाचकांसाठी. जे मालाचे तेच जिल्ह्याचे. तुम्ही जुन्या दप्तरांत किंवा अंकीय ग्रंथालयांत ‘चंद्रपूर’ शोधाल तर हाती फार थोडे लागेल. १९६४ च्या सुमारापर्यंत जिल्ह्याचे अधिकृत नाव चांदा होते. चांदा फोर्ट हे स्थानक आणि चांदा आयुधनिर्माणी यांनी ते अजून टिकवले आहे. ‘गडचिरोली’ जिल्हा म्हणून शोधाल तर २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचे काहीच मिळणार नाही, कारण तोवर तो चांद्याचा भाग होता. सिरोंचा हवा असेल आणि काळ १८७४ पूर्वीचा असेल तर चांदाही सोडा. तेव्हा तो अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्यात होता, आणि इंग्रज कारकून गोदावरीच्या शेवटी कधी ‘आय’ लिहीत, कधी ‘वाय’. अहेरीचे सागवान शोधताना ‘अहिरी’ हे रूपही टंकून पाहा.